उताऱ्यावर नसलेली नावे

वाचनासाठी: यिर्मया 32:6-15, गणना 27:1-7



यरुशलेमेला वेढा पडलेला होता. यिर्मया संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी त्याने आपल्या चुलतभावाचे अनाथोथचे शेत विकत घेतले. सतरा शेकेल रुपे तोलून दिले, खरेदीपत्र लिहिले, साक्षीदार बोलावले, मोहोर केली आणि ते कागद मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितले, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकतील. शत्रू दाराशी असताना शेत घेणाऱ्याला व्यवहारी माणूस वेड्यात काढेल. पण आमच्या शेतकरी आजी-आजोबांना हा अध्याय समजावून सांगावा लागला नसता. त्यांच्याही घरात एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात जुने बायबल, लग्नाचा दाखला, सावकाराच्या चिठ्ठ्या आणि जमिनीचा उतारा एकाच फडक्यात बांधलेला असायचा.

यंदा कापणीच्या सणाच्या निमित्ताने आम्ही मंडळीतल्या स्वयंसेवकांनी एक विनंती केली होती. प्रत्येक शेतकरी घराने आपला इतिहास चार पानांत लिहून द्यावा. काही घरांनी दिला, काहींनी ट्रंकच आणून समोर ठेवली. ते कागद वाचताना जे ध्यानात आले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत. घरे निरनिराळी आहेत, पण बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या आपल्या सर्वांची गोष्ट पुष्कळशी एकसारखी आहे. म्हणून कोणा एका घराचे नाव घेत नाही.

लिहिलेली घराणी आणि न लिहिलेली

आधी एक गोष्ट मान्य करू. मंडळीचा इतिहास विचारला की आपण मिशनऱ्यांचा इतिहास सांगतो. 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावला आले, पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. बेनन स्मिथ हायस्कूलच्या नावात ते नाव आजही आहे. 1904 मध्ये हे काम मेथडिस्ट मिशनकडे सोपवले गेले. तिकडे कोल्हापुरात 1852 पासून रॉयल वाइल्डर यांनी काम उभे केले, ते 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनशी जोडले गेले आणि त्याच मिशनचे हात निपाणीपर्यंत पोहोचले. हे सगळे आपल्याला ठाऊक आहे, कारण ते लिहिले गेले. पत्रे सांभाळली गेली, वार्षिक अहवाल छापले गेले.

वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरात जन्मला आणि पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मिशनरी चळवळीचा एक आधार झाला, हेही आपण सांगू शकतो. नगर जिल्ह्यातले फेअरबँक घराणे घ्या. सॅम्युअल फेअरबँक हे अमेरिकेच्या मधल्या, शेतीच्या पट्ट्यातल्या इलिनॉय राज्यात शिकले आणि 1846 मध्ये मराठी मुलखात आले. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला त्यांनी अनेक वर्षे काढली, शेतीसुधारणेत लक्ष घातले, पक्ष्यांचा अभ्यास केला. दक्षिणेतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आहे. हेन्री आणि एडवर्ड हे त्यांचे मुलगेही याच मराठी मिशनमध्ये सेवेला आले. एका घराण्याच्या दोन-तीन पिढ्या आपण आज बोटावर मोजू शकतो.

पण त्याच काळात त्यांच्या सभोवती ज्यांनी कुळव धरला, कुरी हाकली, जोंधळा राखला आणि रात्री कंदिलाच्या उजेडात पहिल्यांदा पवित्र शास्त्र ऐकले, त्या घरांचे काय? त्यांना पत्रे लिहिता येत नव्हती. त्यांचा अहवाल कोणी छापला नाही. मिशनरींबद्दल आम्हाला कृतज्ञताच आहे. तरी मंडळी उभी राहिली ती या घरांवर. त्यांच्या घामातून पहिल्या दानाच्या थैल्या भरल्या. त्यांचा इतिहास आपण लिहिला नाही, तर तो लिहिणारे दुसरे कोणी नाही.

पहिला कागद: बाप्तिस्म्याचे रजिस्टर

शेतकरी घराच्या शोधाची सुरुवात बहुधा इथून करावी लागते. जुन्या रजिस्टरात तारीख, नाव, बापाचे नाव, गाव आणि बाप्तिस्मा देणाऱ्याची सही अशी माहिती सापडते. आडनाव पुष्कळदा नसते. गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव नंतर शाळेत झाले, कधी मास्तरांनी दिले, कधी मिशनच्या बोर्डिंगात पडले. त्यामुळे सख्ख्या भावांची दोन आडनावे झालेलीही दिसतात. एकाचे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी बदलले, दुसऱ्याने जुनेच ठेवले. नातवंडांना वाटते की ही दोन वेगळी घरे आहेत.

आमच्या वाडवडिलांपैकी बरेचजण गावकुसाबाहेरून आले, हे लिहायला पुष्कळ घरे कचरतात. ते का कचरतात हे आम्ही समजू शकतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या आणि त्या चौकटीत ख्रिस्ती माणसाला जागा मिळाली नाही. त्या कात्रीत सापडलेल्या काही घरांत मंडळीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे नाव, अशी दोन नावे चालत आली. त्यांच्यावर बोट ठेवणे आपले काम नाही. पण जे घर ही गोष्ट आपल्या मुलांना निदान घरात तरी खरी सांगते, ते मोठे काम करते. मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको यांना गाळले नाही. ज्या घराण्यात तारणारा जन्मला त्याला आपला भूतकाळ झाकावा लागला नाही. मग आपण का झाकावा?

दुसरा कागद: जमिनीचा

आपल्यातल्या अनेक घरांच्या जमिनीची सुरुवात खरेदीने झालेली नाही. ती वतनाची होती. गावची कामे करायची, सांगावे पोहोचवायचे, मेलेली जनावरे ओढायची आणि त्याबदल्यात थोडी वतनी जमीन कसायची. 1874 च्या मुंबई वतन कायद्याने ही व्यवस्था कागदावर आणखी पक्की केली होती. जमीन होती, पण तिच्याबरोबर राबणूकही होती. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतने मोडून त्या जमिनी रयताव्याने कसणाऱ्यांच्या नावावर केल्या. पण आपला पट्टा तेव्हा अनेक सत्तांत वाटलेला होता. बेळगाव जिल्हा इंग्रजांचा, शेजारचे गाव कोल्हापूरचे, पलीकडचे सांगली किंवा कुरुंदवाडचे. एका गावचा भाऊ वतनातून सुटला आणि वेशीपलीकडचा दुसरा राबत राहिला. 1925 मध्ये निपाणीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली. आपले वाडवडील ख्रिस्ती झाले होते, पण त्यांचे चुलते-मामे त्याच वाड्यांत राहत होते. त्या परिषदेची चर्चा आपल्या घरांत झाली नसेल असे होणार नाही. बेळगाव भागातली वतने कायद्याने मोडली ती फार नंतर, म्हैसूर राज्याच्या 1961 च्या कायद्याने. म्हणून आपल्यातल्या किती तरी घरांत जमिनीचा पहिला स्वतंत्र कागद 1960 नंतरचा निघतो. त्याआधी पिढ्यान् पिढ्या तीच जमीन कसलेली असते, पण कागद बोलत नाही.

तिसरा कागद: सीमेचा

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. याच्या राजकारणात आम्ही इथे शिरत नाही. शेतकऱ्याच्या घरात काय झाले एवढेच पाहू.

मुंबई राज्याच्या कूळकायद्यात 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला होता. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाणार होते. त्याच्या बरोबर पाच महिने आधी आपला जिल्हा दुसऱ्या राज्यात गेला होता. कागल बाजूला राहणाऱ्या आत्याच्या घराला त्या दिवसाचा लाभ झाला. निपाणी बाजूच्या तिच्या भावाला वाट पाहावी लागली. कर्नाटकात 1 मार्च 1974 पासून कुळांच्या जमिनी सरकारात जमा झाल्या आणि कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरून भूमी न्यायमंडळापुढे हक्क मांडायचा, असे ठरले. मधली सतरा वर्षे. ज्या घराला तो फॉर्म भरायला कोणी सांगितले, त्याला शेत मिळाले. ज्यांच्या शेजारी लिहिता-वाचता येणारे कोणी नव्हते, त्यांचे गेले. काही गावांत हे फॉर्म भरून द्यायला पाळक किंवा मिशनच्या शाळेतले मास्तर बसले असतील, तर त्यांची आठवण आपल्या मंडळीच्या इतिहासात प्रवचनांच्या बरोबरीने यावी असे आम्हाला वाटते.

सीमेने आणखी एक गोष्ट केली. कागदाची भाषा बदलली. पलीकडच्या भावाकडे मराठी सातबारा, अलीकडच्याकडे कन्नड उतारा. आजोबांना आपल्या शेताच्या कागदावरचे स्वतःचे नाव वाचता येईना. मराठी नाव कन्नड लिपीत गेले, तिथून संगणकावर चढले आणि या प्रवासात कुठे काना गेला, कुठे आडनाव बदलले. आज बँकेत पीककर्ज काढताना आधारवरचे नाव एक आणि उताऱ्यावरचे दुसरे, म्हणून हेलपाटे घालणारी माणसे आपल्या बाकांवर बसतात. निपाणीच्या मुलांनी ज्या देवचंद कॉलेजात शिक्षण घेतले ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. गाव एका राज्यात, कॉलेज दुसऱ्या राज्यात आणि उपासना मात्र एकच. प्रभूने मंडळीला दिलेले ऐक्य या पट्ट्यात रोज जगावे लागते, कधी मराठीतून, कधी कानडीतून.

चौथा कागद: वखारीची चिठ्ठी

निपाणी म्हटले की तंबाखू आलीच. काळ्या जमिनीत विडीची तंबाखू चांगली येते आणि जोंधळ्यापेक्षा पैसा रोख मिळतो, म्हणून आमच्या घरांनीही ती लावली. आज मंडळीत व्यसनमुक्तीवर बोलताना हा भाग काही कुटुंबांना अवघड वाटतो. एकाने इतिहासाच्या पानांत फक्त 'नगदी पीक' असे लिहिले होते. आम्ही त्यांना म्हटले, पिकाचे नाव लिहा. त्या तंबाखूवर मुले शिकली, चर्चच्या छपरावर कौले चढली. त्याच तंबाखूने घरातले कोणी खोकत गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि प्रभूपुढे दोन्ही मांडायच्या आहेत.

पीक शेतकऱ्याचे, पण भाव व्यापाऱ्याचा. आधी उचल घ्यायची, मग माल वखारीत टाकायचा आणि हिशेब व्यापारी सांगेल तेव्हा. या लुटीविरुद्ध शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली 14 मार्च 1981 पासून पुणे-बेंगळुरू महामार्गावर शेतकरी बसून राहिले. त्या जागेला आंदोलननगर नाव पडले. 6 एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडले, गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. त्या चोवीस दिवसांत रस्त्यावर भाकरी कोणी पोहोचवल्या, घरची जनावरे कोणी सांभाळली, हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ते आपल्या घरातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांना विचारले तरच कळेल आणि ती माणसे आता थोडी राहिली आहेत.

चारही कागदांवर कोण नाही

हे सर्व कागद समोर पसरले तेव्हा एक गोष्ट आम्हाला टोचली. रजिस्टरात ती 'अमक्याची बायको' आहे. वतनाच्या कागदावर ती नाही. कुळाच्या फॉर्मवर नवऱ्याचे नाव, वखारीच्या चिठ्ठीवर मुलाचे. आणि शेतात? तंबाखूचे रोप लावणे, शेंडे खुडणे, बगलफुटी मोडणे, पाने वाळवणे, यातले कोणते काम तिच्यावाचून झाले? तिच्या बोटांवरचा काळा चिकटा भाकरी थापतानाही जात नसे. शेत नसलेल्या घरांतल्या बायका वखारीत राबल्या किंवा घरी बसून विड्या वळत राहिल्या. चिकोडी तालुका कामगार महासंघाने त्यांना संघटित केले, तेव्हा कुठे त्यांची नावे एका वहीत आली.

आणि घरातला विश्वास कोणी टिकवला? दारोदार जाऊन शास्त्र शिकवणाऱ्या बायबल बाई, जात्यावर प्रभूची गाणी म्हणणाऱ्या आज्या, दुष्काळात मूठभर धान्य दानासाठी बाजूला काढणाऱ्या सुना. इतिहासाची चार पाने घेऊन आलेल्या घरांना आम्ही एक प्रश्न विचारला: तुमच्या पणजीचे नाव काय? पणजोबांचे नाव बहुतेकांनी लगेच सांगितले. पणजीचे नाव सांगायला कित्येकांना घरी फोन करावा लागला. काहींना ते सापडलेच नाही.

सलाफहादाला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली मोशे, याजक आणि सर्व मंडळीपुढे उभ्या राहिल्या. मुलगा नाही एवढ्यासाठी आमच्या बापाचे नाव कुळातून का नाहीसे व्हावे, असे त्यांनी विचारले आणि वतन मागितले. मोशेने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले आणि परमेश्वराने सांगितले की, मुलींचे म्हणणे रास्त आहे. पण तिथे गोष्ट संपत नाही. यहोशवाच्या सतराव्या अध्यायात त्याच पाचजणी पुन्हा पुढे येतात आणि मिळालेल्या शब्दाची आठवण करून देतात. मंजूर झालेला हक्क हातात पडायला त्यांना दुसऱ्यांदा उभे राहावे लागले.

आपल्याकडेही हक्काचा शब्द केव्हाच दिला गेला आहे. ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र केलेले नसेल तर त्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगे व मुली यांना सारखा वाटा आहे. मुलगा-मुलगी असा फरक त्या कायद्यात नाही. तरी व्यवहारात काय होते ते आपण जाणतो. बाप गेल्यावर तलाठ्याकडे अर्ज जातो, त्यात फक्त मुलांची नावे असतात किंवा बहिणींना माहेरी बोलावून, साडी नेसवून, हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. बहिणीही सही करतात. माहेर तुटू नये एवढेच त्यांना हवे असते. माहेराच्या मायेची अशी किंमत लावणे प्रभूला आवडत असेल का, हा प्रश्न आम्ही प्रत्येक भावापुढे ठेवतो. एखादी बहीण मोकळ्या मनाने वाटा सोडत असेल तर तो तिचा दानशूरपणा आहे. पण तिला विचारलेच नसेल, तर त्याला दान म्हणता येणार नाही.

घराचा इतिहास लिहिणे म्हणजे म्हाताऱ्यांचा विरंगुळा, असे काहीजण म्हणतात. पण तो खरा लिहिला, तर तो आपल्याला आपल्याच घरातल्या हिशेबापुढे उभा करतो. जी नावे सापडली नाहीत ती का सापडली नाहीत, हे विचारावे लागते. आणि त्याचे उत्तर आजच्या बहिणीपर्यंत येऊन पोहोचते.

काय करावे

एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बंदिवासातून परतलेले काही याजक आपल्या वंशावळीचा लेख शोधतात आणि तो त्यांना सापडत नाही. त्यांच्यावर आलेली वेळ आपल्या नातवंडांवर येऊ नये, म्हणून हे करता येईल.

घरातल्या सर्वांत वयस्कर स्त्रीपाशी आधी बसा. तिला माहेरचे गाव, आईचे नाव, आजीचे नाव विचारा. तिचे शब्द तिच्याच बोलीत लिहा, सुधारू नका. मग पाळकसाहेबांच्या परवानगीने बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरे पाहा आणि नाव जसे लिहिले आहे तसेच उतरवून घ्या. उताऱ्याबरोबर जुने फेरफारही काढा. जमीन कोणाकडून कोणाकडे कशी गेली ते फेरफारात कळते. कन्नड कागद वाचायला मंडळीतल्या तरुणांना बसवा. सीमेपलीकडच्या नातलगांचेही कागद पाहा, कारण अर्धी गोष्ट त्यांच्या ट्रंकेत आहे. जे कळले नाही तिथे जागा कोरी सोडा. वाडवडिलांना सरदार करून दाखवण्याचा मोह आवरा. आणि शेवटच्या पानावर घरातल्या सर्व स्त्रियांची नावे, माहेरच्या नावांसह, लिहा. ते पान लिहून झाल्यावर उतारा पुन्हा एकदा बघा.

ही पाने मंडळीच्या कपाटात ठेवायची आमची तयारी आहे. यिर्मयाने मडके वापरले, आपल्याकडे प्लास्टिकची फाइल आहे. दोन्हींमागचा विश्वास एकच: या भूमीत प्रभूचे काम संपलेले नाही, पुढे येणाऱ्यांना हे कागद लागतील.

प्रार्थना करू या.

हे प्रभू परमेश्वरा, आमच्या वाडवडिलांना तू मातीत राबताना पाहिलेस आणि नावाने हाक मारलीस. ज्यांची नावे आम्ही विसरलो ती तुझ्या जीवनाच्या पुस्तकात आहेत, म्हणून तुझे आभार मानतो. आमच्या घरातल्या आया, आज्या आणि बहिणी यांना आम्ही जे द्यायचे ठेवले, ते देण्याचे मन आणि धैर्य आम्हाला दे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आमच्या घरांना एका प्रीतीत राख. येशूच्या नावाने मागतो. आमेन.